लेकरांच्या हाती कारभार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण तालुक्याहून किंवा सांगलीहून कोणी विदुषी बोलावतो. त्या छान बोलतात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी गेल्यावर भाकरी थापताना त्यांतले निम्मे विसरतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की, आपल्यातल्याच एकीने बोलावे. ते जू माझ्या मानेवर आले. मी सातवी शिकलेली. माझ्या भाषणात मोठे शब्द येणार नाहीत, आणि आले तर ते माझे नाहीत असे समजा.

विषय मीच मागून घेतला. मुले कर्ती झाली की घराचा कारभार त्यांच्या हाती कसा द्यावा, हा तो विषय. लहान मुलांना कसे वाढवावे यावर आपल्या मंडळात पुष्कळ बोलणे झाले आहे. डोहाळजेवणापासून दहावीच्या अभ्यासापर्यंत सगळे झाले. पण वाढवलेल्या मुलाचे पुढे काय करावे, यावर कोणी बोलत नाही. मूल पंचवीस वर्षांचे झाले तरी आपण त्याच्या ताटात बघतो, पोटभर जेवला का विचारतो. त्यात माया आहे, ती असू द्यावी. पण त्याच मुलाने "यंदा शेताची पाइपलाइन बदलायची का?" असे विचारले की आपण म्हणतो, "तू गप्प बस, तुला काय कळते?" जेवायला मोठा आणि बोलायला लहान, असे कसे चालेल?

आपल्याकडे कारभार दोन तऱ्हांनी मुलांकडे जातो. पहिली तऱ्हा म्हणजे जातच नाही. म्हातारा सत्तरीचा होतो, मुलगा पंचेचाळिशीचा, त्याचे केस पिकतात, तरी खताच्या पोत्याचे पैसे मागायला त्याला बापापुढे उभे राहावे लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे बाप एक दिवस अंथरुणाला खिळतो, आणि ज्याला कधी पासबुक दाखवले नाही त्या मुलाच्या अंगावर सगळे एकदम कोसळते. कर्ज किती, कोणाचे, विम्याचा हप्ता कधी, बांधाचा वाद काय, काही ठाऊक नसते. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. आपले हातपाय धड आहेत, डोके शाबूत आहे तोवर, जवळ उभे राहून, थोडे थोडे आणि मनापासून देणे. ही वाट फार थोडे लोक धरतात, कारण ती बापाला आणि आईला जड जाते.

ही वाट नवी नाही. आपल्याच इतिहासात तिचे उत्तम उदाहरण आहे. अहिल्याबाई होळकर आपल्याला पुण्यश्लोक म्हणून माहीत आहेत, घाट आणि देवळे बांधणाऱ्या म्हणून माहीत आहेत. पण त्यांना तयार कोणी केले? त्यांचे सासरे मल्हारराव यांनी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. पदरात तरुण विधवा सून. त्या काळी अशा सुनेला कोपऱ्यात बसवायचे. मल्हाररावांनी तिला कारभारात बसवले. स्वतः मोहिमांवर असत आणि मागे हिशेब, वसुली, फौजेची रसद, तोफखान्याची तयारी अशी कामे पत्रांतून तिच्यावर सोपवत. हे एक-दोन दिवस नव्हे, बारा वर्षे चालले. १७६६ साली मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला. घरात दोन वर्षांत दोन मृत्यू, आणि दौलत उघडी. पण त्या वेळी अहिल्याबाईंना दौलतीचा हिशेब कोणाला विचारावा लागला नाही. तो त्यांच्या हातातच होता. म्हणून १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य चालवले. मल्हाररावांनी विश्वास टाकला तो मरताना नव्हे, जिवंत असताना, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

आता याच्या उलट बाजू बघा. पानिपतानंतर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि माधवरावांना पेशवेपद मिळाले. वय सोळा. इतक्या लहान मुलाला वडीलधाऱ्याचा आधार हवाच होता. तो आधार म्हणजे चुलते राघोबादादा. दादा शूर होते, अनुभवी होते. पण पुतण्याला पेशवेपद मिळाले तरी कारभार आपल्याच मुठीत राहावा असे त्यांना वाटे. पुढच्या वर्षी चुलता-पुतण्यात लढाईपर्यंत पाळी आली, आणि आळेगावी तो पोरगा, घर फुटू नये म्हणून, आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. त्याच पोराने १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत चुलत्याच्या मदतीला धावून जाऊन निजामावर जय मिळवून दिला. तरी धुसफूस संपली नाही. १७६८ साली धोडपला पुन्हा घरातल्या घरात लढाई झाली. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. एवढ्या गुणी माणसाच्या अकरा वर्षांतली कितीतरी शक्ती घरच्याच माणसाला आवरण्यात गेली! आपल्या घरात तलवारी नाहीत. पण "मी असेपर्यंत माझेच चालणार" हे वाक्य कोणत्या घरात नाही, ते सांगा.

आता इतिहास बाजूला ठेवते आणि आमच्या घरचे सांगते. कार्यवाह ताईंनी बजावले होते, "पुस्तकातले थोडे आणि घरातले जास्त बोला."

तुम्हाला ठाऊकच आहे, २०२१ च्या जूनमध्ये यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, पाय ओढू लागले, वाचा बसली. पदरी दीड एकर द्राक्षबाग, थोडी ज्वारी, दोन म्हशी, विकास सोसायटीचे कर्ज. थोरली मुलगी बी. कॉम. होऊन एका पतसंस्थेत कारकुनी करत होती. धाकटा बारावीला. बाग म्हणजे काय ते आपल्या तासगाव तालुक्यातल्या बायकांना सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, डोळे फुटायला पेस्ट लावणे, विरळणी, दावण्या आणि भुरीच्या फवारण्या. एक दिवस चुकला तर वर्ष चुकते. असे काम आणि करणारा माणूस अंथरुणावर.

थोरले भाऊजी आले. माणूस मायाळू, आमच्या अडीअडचणीला नेहमी धावणारा. ते म्हणाले, "वहिनी, बाग माझ्याकडं वाट्यानं द्या. पोरीचं लगीन उरका. धाकटा हाताखाली आला की बघू." त्यांत वाकडे काही नव्हते. गावात कोणीही हेच सांगितले असते. मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला एक साल बघू द्या." भाऊजी हसले. मी काही बोलले नाही. माझे लक्ष यांच्याकडे होते.

यांची एक सवय होती. बाग लावल्यापासून अठरा वर्षांची वही होती त्यांच्याकडे. छाटणीच्या तारखा, पाऊस कधी पडला, कोणती फवारणी कधी, मजुरी किती, माल किती, सगळे त्यात. ती वही ट्रंकेत कुलपात असे. मलाही कधी उघडायला दिली नव्हती. त्या दिवशी यांनी डाव्या हाताने उशीखालून किल्ली काढली. ती माझ्याकडे दिली नाही, भावाकडे दिली नाही. मुलीकडे बोट केले. बोलता येत नव्हते म्हणून खुणेने सांगितले, की वही काढ. तिने ती काढली, तशी यांनी तिच्या छातीशी ढकलली. भाऊजी समजले. "बरं, तुझी मर्जी," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. पुढे वर्षभर गडी-माणसांची मदत त्यांनीच केली, हेही सांगितले पाहिजे.

नुसती वही देऊन भागत नाही हे मुलीनेच आम्हाला सांगितले. पतसंस्थेत बसल्याने तिला कागद कळत होते. डॉक्टरांचा दाखला घेतला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यांच्या डाव्या अंगठ्याने मुखत्यारपत्र नोंदवले, बँकेत तिची सही लावली. आता ती खताच्या दुकानात उभी राहिली तर "वडिलांना पाठव" असे कोणाला म्हणता येईना. अधिकार दिला म्हणायचे आणि सही आपली ठेवायची, म्हणजे घोड्यावर बसवून लगाम दुसऱ्याच्या हाती देण्यासारखे आहे.

पहिल्या सालची गोष्ट. हे पूर्ण बागेची छाटणी एकदम घेत. मुलीने रात्री रात्री बसून अठरा वर्षांची वही वाचली आणि ठरवले की, दोन तुकड्यांत दहा दिवसांच्या अंतराने छाटायचे, म्हणजे पाऊस आलाच तर सगळी बाग एकदम फुलोऱ्यात सापडणार नाही. यांना ते पटले नाही. तोवर दोन-चार शब्द फुटू लागले होते. मान हलवून "एकदम, एकदम" म्हणत राहिले. तिने वही उघडून मागच्या सालांचे पाऊस दाखवले. हे बराच वेळ बघत राहिले आणि मग डोळे मिटून घेतले. मी विचारले, "काय सांगू तिला?" तर म्हणाले, "तिची... बाग." त्या साली, २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला. दुसरा तुकडा फुलोऱ्यात होता, त्याची कुज झाली आणि मणी गळाले. पहिला तुकडा पुढे गेलेला होता, तो बराचसा वाचला. एक डोळा रडत होता, एक हसत होता. पण घर उभे राहिले.

इथे थांबले असते तर ही गोष्ट गोड झाली असती. खरी परीक्षा दुसऱ्या सालाची आहे, आणि मला तीच सांगायची आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत माल चांगला आला होता. एक व्यापारी बागेत आला. भाव बरा देत होता, पण चौथाई पैसे हातात आणि बाकीचे माल गेल्यावर पंधरा दिवसांनी. पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर आहेत. मुलगी म्हणाली, "सगळे रोख असतील तर उद्या तोडा, नाहीतर राहू द्या." तो निघून गेला. तिने बेदाणा करायचे ठरवले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, पण तो शीतगृहात ठेवता येतो, भाव बघून सौद्याला काढता येतो, आणि पैशासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. हिशेब तिचा बरोबर होता. यांचे मत मात्र वेगळे होते. त्यांना हातातला भाव सोडू नये असे वाटत होते. त्यांनी ते एकदा सांगितले, आणि पुन्हा सांगितले नाही.

शेड उभारायला पैसा कमी पडत होता. एका संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्या गहाण ठेवायला देशील का?" भगिनींनो, त्या पाटल्या माझ्या माहेरच्या. माझ्या आईने एक म्हैस विकून केलेल्या. मी तिला सांगितले, "मला एक रात्र दे." रात्रभर मी जागी होते. पोरीवर विश्वास ठेवा असे यांना सांगणे सोपे होते, पण आता ते माझ्या मनगटापर्यंत आले होते. सकाळी मी तिला तीन प्रश्न विचारले. किती रुपये उचलणार? कधी सोडवणार? आणि माल बुडाला तर कशातून सोडवणार? तिन्हींची उत्तरे तिच्याजवळ होती. ती वहीत लिहून घेतली, आणि मी पाटल्या काढून दिल्या.

द्राक्षे तोडली, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरली. बारा-पंधरा दिवसांत माल वाळतो. आठव्या दिवशी मार्च महिन्यातला अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट. शेडच्या बाजू उघड्या होत्या. ओल आत शिरली. सोनेरी व्हायचा तो माल काळा-तांबडा पडला. सौद्यात त्याला अर्धाही भाव मिळाला नाही. आणि तो पंधरा दिवसांची मुदत मागणारा व्यापारी? त्याने ज्यांचा माल घेतला होता त्यांचे पैसे वेळेवर चुकते केले.

गावाला बोलायला निमित्तच मिळाले. पाणवठा आता राहिला नाही, पण पिठाची गिरणी आहे. तिथे माझ्या कानावर आले, "पोरीच्या हाती दोर, मग दुसरं काय व्हायचं?" मुलगी तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी ती यांच्यापुढे वही घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, ही वही काकांना द्या."

मी चुलीपाशी होते. माझा हात थांबला. हे काय म्हणतील यावर पुढचे सगळे अवलंबून होते. ओरडले असते तरी तिने सोसले असते. "जाऊ दे, रडू नको" म्हणाले असते तर ती लहान मुलगी झाली असती. यांनी वही घेतली, सावकाश पाने उलटली, शेवटचे कोरे पान काढले आणि पुन्हा तिच्याकडे सरकवली. जड जिभेने विचारले, "खरड छाटणी... कधी धरायची?" एवढेच. जे घडले त्याचा एक शब्द नाही. तिने डोळे पुसले आणि तारीख लिहिली.

विश्वास म्हणजे काय हे मला त्या दिवशी दिसले. मूल यशस्वी झाले की शाबासकी कोणीही देते, शेजारीसुद्धा देतात. नुकसान झाल्यावर "पुढचे काम कधी?" असे विचारायला मात्र घरचेच माणूस लागते.

त्यानंतर तिने शेडला बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे लावले. निम्मा माल रोखीने द्यायचा आणि निम्म्याचा बेदाणा करायचा असा मध्य काढला. धाकट्याला देणगी भरून मोठ्या कॉलेजात घालण्याऐवजी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण दिले. तो आता मोटारी दुरुस्त करून स्वतःचा खर्च भागवतो. माझी एक पाटली सुटून आली. दुसरी अजून बँकेत आहे. आज माझ्या एका हातात पाटली आहे आणि एका हातात काचेच्या बांगड्या, हे तुम्ही बघता आहातच. वहीत तिच्या सुटकेची तारीख लिहिलेली आहे. मी ती विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मुलगी कशी काय घराची कर्ती? मागे मंडळात वकीलबाईंचे व्याख्यान झाले, त्याची मी टिपणे ठेवली आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मापासूनचा हक्क दिला नव्हता. आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की नाही याचा घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला आणि हक्क जन्माने मिळतो असे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने असाही निवाडा दिला की, एकत्र कुटुंबात वयाने सर्वांत मोठी मुलगी असेल तर ती कुटुंबाची कर्ता होऊ शकते. तेव्हा कायद्याने दार उघडले आहे. उंबऱ्यावर आपणच आडव्या बसलो आहोत.

मात्र विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे, हेही सांगायला हवे. ज्या मुलाला दारूचे किंवा जुगाराचे व्यसन आहे, त्याच्या हाती सही देणे म्हणजे त्याचाच घात करणे. आणि कारभार देणे वेगळे, मालकी देणे वेगळे. काही आईबाप मायेच्या भरात जमीन, घर सगळे मुलांच्या नावे करून मोकळे होतात आणि मग त्यांच्याच घरात पाहुण्यासारखे राहतात. चालवायला द्यावे, नाव आपले राहू द्यावे, मृत्युपत्र करून ठेवावे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आईबापांचा सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशी सोय आहे की, अट असून सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. हे ठाऊक असले की देणाऱ्याचे मन मोकळे राहते. भीती पोटात ठेवून दिलेले दान खरे उतरत नाही.

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. पहिली, आपले मत एकदा जरूर सांगावे, पण एकदाच. दहा वेळा सांगितले की ते मत राहत नाही, हुकूम होतो. दुसरी, बाहेरच्या माणसापुढे मुलाचे किंवा सुनेचे बोलणे खोडू नये. दुकानदारापुढे, सोयऱ्यांपुढे, गड्यांपुढे घराचा एकच शब्द असावा. काय विचारायचे ते दार लावून विचारावे. तिसरी, हिशेब मागावा. महिन्यातून एक दिवस ठरवावा, वही मांडावी आणि सर्वांनी बघावी. हिशेब मागणे म्हणजे संशय नव्हे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याचा हिशेब कोण बघत बसते? आमच्याकडे दर अमावास्येला वही उघडते, आणि मला कळले नाही तर मुलगी पुन्हा समजावून सांगते. चौथी गोष्ट सर्वांत कठीण. एका नुकसानाची तयारी मनात आधीच ठेवावी. आपण संसार शिकताना किती दूध उतू घालवले, किती पीठ करपवले! आपल्या सासूबाईंनी पळी हिसकावून घेतली असती तर आज आपल्याला पुरणपोळी आली असती का?

आणि बायांनो, पळीवरून आठवले. मी बाग, बँक असे बोलत राहिले, पण आपल्या हातातला कारभार तर स्वयंपाकघराचा आहे. तिथे आपण काय करतो? सून येऊन सहा वर्षे झाली तरी लोणच्याचे मीठ आपल्याच हाताने पडावे लागते. दिवाळीचा किराणा आपणच लिहितो. पाहुण्यांच्या लुगड्याची किंमत आपणच ठरवतो. पुरुष सोडत नाहीत म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो, आणि कमरेच्या किल्ल्या झोपतानाही काढत नाही. सुनेने भाजीत गूळ जास्त घातला तर घातला. एका जेवणात काय मोठे बिघडते?

सोडून दिल्यावर आपण काय करायचे, असेही काही जणी विचारतात. रिकामे वाटेल, किंमत कमी होईल, अशी धास्ती असते. आमचे हे आता खुर्चीवर बसून गल्लीतल्या चार पोरांना काडी कशी निवडावी ते शिकवतात. मुलगी रोज संध्याकाळी त्यांना काही ना काही विचारते. पूर्वी ते हुकूम देत, तेव्हा मागे लोक कुरकुरत. आता ते सल्ला देतात, तर लोक खुर्ची ओढून जवळ बसतात. किंमत वाढली की कमी झाली, तुम्हीच ठरवा. मलाही संध्याकाळचा एक तास मिळतो म्हणून तर मी या मंडळात येऊ शकते.

मुलीचे लग्न कधी, हा प्रश्न आता तुमच्या ओठांवर आला असेल. दर हळदीकुंकवाला येतो. ते होईल तेव्हा होईल, आणि तेही तिच्या विचाराने. तोवर धाकटा दर रविवारी बहिणीबरोबर बागेत जातो. वही कोणाच्या हाती जाईल हे ते दोघे मिळून ठरवतील. आम्ही विचारले तर सांगू.

शेवटी मंडळाबद्दल एक विनंती करून थांबते. आपल्या मंडळाचे आणि बचत गटाचे हिशेब आजवर आम्हा जुन्याच बायकांनी ठेवले. चांगले ठेवले. पण आपल्या लेकीसुना आता पदवीपर्यंत शिकलेल्या आहेत, मोबाइलवरून पैसे भरतात, आणि आपल्या बैठकीत मात्र त्या चहाचे कप विसळतात. यंदा खजिनदारपद त्यांच्यापैकी एकीला द्यावे असे मी सुचवते. पासबुक, पावतीपुस्तक, पेटीची किल्ली आणि बँकेतली सही, सगळे तिच्याकडे द्यावे. आपण जवळच सतरंजीवर बसू, विचारले तर सांगू. आणि पहिल्या ताळेबंदात दहा-वीस रुपयांची चूक निघाली, तर तिला एकच विचारू, "बाई, पुढची बैठक कधी ठेवायची?" कपांचे काय, ते आज मी विसळते.